बाटलीबाबाला ठेवू की काढू?

पत्राचा गोषवारा : पत्र लिहिणाऱ्या वाचक कोकणात शिक्षिका आहेत. गेली चार वर्षं, रात्री घर झोपल्यावर, त्या एक कादंबरी लिहितायत. जग पूर्ण कल्पनेतलं: बेटं, वादळं, समुद्री चाचे आणि माणसांशी खरोखर बोलणारी एक समुद्रदेवी. नायिका बुडून गेलेल्या तांडेलाची मुलगी. पुढे ती चाच्यांच्या एका गुराबेची, म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजाची, कप्तान होते. या गुराबेवर एक पाद्री आहे. काळा झगा, गळ्यात क्रूस, कमरेला बाटली. खलाशी त्याला 'बाटलीबाबा' म्हणतात. तो तीनच प्रसंगांत येतो. सुरुवातीला झिंगून पडतो, मध्ये वादळात काहीबाही पुटपुटतो आणि चौदाव्या प्रकरणात नायिकेवर झाडलेली गोळी झेलून मरतो. लेखनगटात कुणी म्हणतं, काढून टाक त्याला, कथा कुठे अडत नाही. कुणी म्हणतं, पाद्रीच आहे तर कपटी दाखव, लोकांना आवडेल. त्यांनी हस्तलिखित वसईकडच्या एका जुन्या मैत्रिणीला वाचायला दिलं. ती ख्रिस्ती आहे. तिने बाकी सगळ्याचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, "आमचा माणूस तुमच्या गोष्टींत नेहमी प्यायलेलाच का असतो गं?" तेव्हापासून दोघींचं बोलणं कमी झालंय. वाचक विचारतात : मला त्या धर्मातलं फारसं कळत नाही. चुकीचं लिहिण्यापेक्षा पात्रच काढून टाकू? की मैत्रिणीसाठी त्याला सज्जन, पुण्यवान करू? सोबत पाद्र्याचे तिन्ही प्रसंग आणि तिसरं प्रकरण जोडलं आहे.

प्रिय मैत्रिणी,

पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, तुम्ही एक ओळ जास्तीची लिहिलीय : 'खरं सांगू का, मला तो आवडतो.' चार पानांत मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती हीच ओळ. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. धर्माचं आणि मैत्रिणीचं नंतर.

आवडतो, तर मग तुमच्या हातून तो असा का झाला? मी काही वर्षं दिवाळी अंकासाठी कथा निवडायचं काम केलंय. दुय्यम पात्र फसलं की लेखक बहुतेक वेळा म्हणतो, "त्याला जागाच कमी होती." तुम्हीही तेच म्हटलंय. पण तुमच्याच तिसऱ्या प्रकरणातला सुतार बघा. त्याला जेमतेम सहा ओळी मिळाल्यात. पालथा पडून तो फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतो, वरून गरम डांबर फिरवतो, आणि नायिका त्याला ओलांडून जाते तेव्हा मान वर न करता म्हणतो, "पाय उचलून. ओलं आहे." मला त्या माणसाची पाठ दिसली, त्याच्या नखांतलं डांबर दिसलं. पाद्र्याला तुम्ही नऊ पानं दिलीत आणि तो काही दिसत नाही. त्या नऊ पानांत तो एकही काम करत नाही. पडतो, पुटपुटतो, मरतो.

तुम्ही, तुमचा लेखनगट आणि काही अंशी तुमची मैत्रीणसुद्धा असं धरून चाललात की अडचण त्याच्या धर्माची आहे. मला वाटतं अडचण पोटापाण्याची आहे. जहाजावर फुकट बसणाऱ्याला कुणी पाणी देत नाही. मग हा माणूस त्या गुराबेवर काय करतो, त्याला तिथे कोण पोसतं आणि का? हे तुम्ही स्वतःला विचारलेलं नाही. ते विचारलं असतंत तर बाटली आपोआप मागे पडली असती.

खऱ्या जहाजांवर असे पाद्री होते आणि त्यांची हकिकत हाती लागते. हेन्री टिओंग नावाचा एक इंग्रज पाद्री १६७५ साली पन्नाशी उलटल्यावर आरमारात शिरला. देवाची हाक वगैरे काही नव्हती, डोक्यावर कर्ज झालं होतं. भूमध्य समुद्रात त्रिपोलीच्या चाच्यांविरुद्ध निघालेल्या मोहिमेत तो होता आणि त्याने रोजनिशी ठेवली. पहिल्याच दिवसांतली एक नोंद मी विसरू शकत नाही. जहाजावर चढला तेव्हा त्याच्याकडे जवळजवळ काहीच नव्हतं. सकाळी डेकवर त्याला एक फाटका टॉवेल सापडला, तो त्याने लगेच ताब्यात घेतला. मग जुन्या शिडाचा एक तुकडा मिळाला आणि एक मातीचं मूत्रपात्र. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला हे सगळं फार कामाचं, असं त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. त्या टॉवेलमध्ये एक अख्खा माणूस आहे. तो दारू पीत होता का? पीत होता, खातही होता, मेजवान्यांचं वर्णन तर तो चवीने करतो. पण वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो टॉवेल.

पगाराची गोष्टही तुमच्या कामाची आहे. त्या काळच्या इंग्रजी आरमारात पाद्र्याला साध्या खलाशाइतका पगार असे, आणि वर प्रत्येक खलाशाच्या महिन्याच्या पगारातून चार पेन्स कापून ते त्याला मिळत. म्हणजे डोलकाठीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं की हा माझ्या पैशांवर जगतो. त्यातून रागही येणार आणि हक्कही. "आमचे चार पेन्स घेतोस, मग माझ्या भावासाठी दोन शब्द बोल." चाच्यांकडे पगार नव्हता, लुटीचे वाटे होते. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स नावाच्या चाच्याच्या जहाजावरच्या करारात कप्तानाला दोन वाटे, गोलंदाजाला दीड, असं ठरलेलं होतं. वादकांना शब्बाथच्या, म्हणजे धर्माने ठरवलेल्या विश्रांतीच्या, दिवशी सुट्टी हेही त्यात लिहिलेलं होतं. मग तुमच्या बाटलीबाबाला किती वाटा? एक? अर्धा? का त्याने स्वतःच नाकारलाय, आणि त्यामुळे सगळे त्याच्याकडे जरा संशयाने बघतात? हे ठरवायला एक संध्याकाळ पुरेल आणि तेवढ्याने पात्र निम्मं उभं राहील.

चाच्यांना पाद्री हवाच कशाला, असं तुमच्या गटातल्या एकांनी विचारलंय. त्यालाही जुनं उत्तर आहे. १७२१ साली याच रॉबर्ट्सच्या माणसांनी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'ऑन्स्लो' नावाचं जहाज पकडलं. त्यावर एक पाद्री प्रवास करत होता. चाच्यांच्या त्या काळच्या चरित्रग्रंथात अशी हकिकत आहे की त्यांनी त्याला आग्रह केला, आमच्यात ये, काम काही नाही, प्रार्थना म्हणायची आणि पंच नावाचं दारूचं पेय बनवायचं. त्याने नकार दिला. त्यांनी त्याला सोडून दिलं, त्याचं सामानही परत केलं. ठेवून घेतली फक्त तीन प्रार्थनापुस्तकं आणि बाटलीचं बूच काढायचा एक स्क्रू. मला या हकिकतीतली मागणी फार खरी वाटते. रोज मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांना आपल्यात एखादा तरी असा हवा होता जो शेवटी दोन शब्द म्हणेल. जॉन फिलिप्सच्या टोळीने तर १७२३ साली करारावर शपथ घेताना बायबल नव्हतं म्हणून कुऱ्हाडीवर हात ठेवला. शपथ हवीच होती.

आणि लाबा नावाच्या फ्रेंच डोमिनिकन पाद्र्याने कॅरिबियन समुद्रातली एक भयंकर आठवण लिहून ठेवलीय. डॅनियल नावाच्या चाच्याने बेटावरून पाद्री पकडून आणला आणि जहाजावर मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, करवली. ऐन पवित्र क्षणी एक खलाशी अचकट वागला. कप्तानाने पिस्तूल काढून त्याला तिथेच गोळी घातली, आणि दचकलेल्या पाद्र्याला समजावलं की घाबरू नका, मी फक्त त्याला वळण लावलं. चाचे म्हणजे देवाधर्माला न मानणारे, असं आपण सहज धरतो. तसं नव्हतं. तुमच्या गुराबेवरच्या प्रत्येक चाच्याची या माणसाकडून काही ना काही अपेक्षा आहे आणि ती प्रत्येकाची वेगळी आहे. हे एकदा मनात पक्कं झालं की तुम्हाला संवाद सुचायला लागतील.

आता दिवसभराची कामं. पत्रं आणि मृत्युपत्रं लिहिणं, कारण लिहितावाचता येणारे थोडे. पोरांना अक्षरं शिकवणं. आरमारात पाद्र्याकडेच पुष्कळदा मास्तरकी असे. लढाईच्या वेळी खाली, पाण्याच्या पातळीखालच्या अंधाऱ्या भागात, शस्त्रवैद्याजवळ जखमींना धरून बसणं. परकी भाषा येत असेल तर पकडलेल्या जहाजावरचे कागद वाचून देणं. ट्रफाल्गरच्या लढाईत, १८०५ साली, इंग्रज आरमारप्रमुख नेल्सनच्या जहाजावरचे पाद्री अलेक्झांडर स्कॉट हे असेच अनेक भाषा जाणणारे होते. नेल्सन त्यांच्याकडून परकी पत्रं वाचून घेई, आणि मरताना तेच त्याच्याजवळ बसलेले होते. तुमच्या कथेत नवव्या प्रकरणात शत्रूचं सांकेतिक पत्र सापडतं आणि ते नायिका 'कसंबसं' वाचते, असं तुम्ही कळवलंय. कसंबसं का? वाचणारा माणूस तुमच्याच जहाजावर आहे की!

मेलेल्याला निरोप देणं हे तर त्याचं मुख्य काम. इंग्रजी आरमारात प्रेत त्याच्याच झोळीत, म्हणजे ज्या हॅमॉकमध्ये तो झोपायचा त्यातच, शिवून पायाशी तोफगोळे ठेवायचे. या कामामुळेच खलाशी पाद्र्याला अपशकुनीही मानत. काळा झगा दिसला की मरण दिसे. बायबलातल्या योनाची गोष्ट त्यांना माहीत होती : वादळ आलं, खलाशांनी चिठ्ठ्या टाकल्या, देवापासून पळणाऱ्या योनाला समुद्रात फेकलं आणि समुद्र शांत झाला. तुमच्या वादळाच्या प्रसंगात बाबा पुटपुटतोय. पुटपुटू दे. पण बाजूचे दहा जण त्याच्याकडे कसे बघतायत ते लिहा.

आता तुमच्या जगाबद्दल, आणि इथे मी थोडी थांबणार आहे, कारण मला वाटतं कादंबरीतली सगळ्यांत मोठी संधी इथे पडून आहे.

तुम्ही बेटांना नवी नावं दिलीत. वाऱ्यांना सात नावं दिलीत, ती मला इतकी आवडली की मी मोठ्याने म्हणून पाहिली. चलन नवं, शिव्यासुद्धा नव्या. आणि पाद्री मात्र काळा झगा, गळ्यात क्रूस. त्या जगात येशू जन्मला होता का? नसेल, तर क्रूस कुठून आला? हा माणूस तुम्ही घडवलाच नाही. तो सिनेमांतून, बालपणी वाचलेल्या साहसकथांच्या भाषांतरांतून तसाच चालत आला आणि तुम्ही त्याला डेकवर जागा दिलीत. मैत्रिणीला जे टोचलं ते मला वाटतं हेच. सगळ्या जगासाठी तुम्ही जागरणं केलीत, तिच्या माणसासाठी मात्र तयार साचा उचललात.

मग दोन वाटा आहेत. एक, कादंबरी खऱ्या समुद्रावर आणायची, खऱ्या शतकात, आणि पाद्री खराखुरा ख्रिस्ती ठेवायचा. त्याला अभ्यास लागेल. तुमची बोलणारी समुद्रदेवी मग तिथे कशी बसवायची हाही प्रश्न येईल. मी तुमच्या जागी असते तर हे केलं नसतं. तुमची ताकद कल्पनेत आहे.

दुसरी वाट म्हणजे त्याचा धर्मही तुम्हीच घडवायचा. मग तुम्हाला भीती वाटते त्या 'चुकीचं लिहिण्या'चा प्रश्न बराचसा सुटतो, पण एक जास्त अवघड आणि सुंदर प्रश्न समोर येतो. तुमच्या जगात समुद्रदेवी खरोखर बोलते. नारळ टाकला की उत्तर येतं. खलाशी तिच्याशी घासाघीस करतात, ती रुसते, मागणी वाढवते. अशा जहाजावर एक माणूस आहे ज्याचा देव कधीच बोललेला नाही. एकदाही नाही. तरी तो रोज पहाटे उठून त्याच्याशी बोलतो. का? खलाशांना तो वेडा वाटतो. नायिकेलाही वाटतो. पण ज्या रात्री देवी नायिकेचा विश्वासघात करते (तुमच्या आराखड्यात अकरावं प्रकरण), त्या रात्री उत्तर न मिळताही बोलत राहायची सवय असलेला एकच माणूस त्या गुराबेवर असतो. हे वाचताना मला अक्षरशः वाटलं की हा माणूस तुमच्या कथेत वाट बघत बसलाय आणि तुम्ही त्याच्या हातात बाटली देऊन त्याला झोपवलंय.

त्याच्या धर्माला ग्रंथ, पंथ, इतिहास असलं काही लगेच रचत बसू नका. निरोपाच्या वेळी तो काय म्हणतो, कशावर शपथ घेऊ देतो, कोणती गोष्ट मरेपर्यंत करणार नाही, एवढं तुम्हाला ठाऊक असलं की झालं. आणि यातलंही निम्मं कादंबरीत येऊ नये. तुम्हाला माहीत असलं की ते त्याच्या वागण्यात उतरतं.

त्याच्या बोलीबद्दल मात्र कळकळीने सांगते. तुम्ही त्याला 'टुमी काय करटो' असं बोलायला लावलंय. ते काढून टाका. पाद्री म्हटलं की मोडकं मराठी, ही सवय आपल्या नाटक-सिनेमांनी लावली आणि ती खोटी आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मगुरू ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला. वाटेत दीडशेच्या वर माणसं आजारी पडली, सत्तावीस दगावली, हिरड्या सुजून कापाव्या लागत, असं त्याने वडिलांना पत्रात कळवलंय. एवढं सोसून आलेला हा माणूस पुढे गोव्यातल्या साष्टीत राहिला, आपली भाषा शिकला आणि त्याने ओवीत क्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. त्यातलं मराठीचं कौतुक आपण शाळेत शिकवतो. तुम्हीही शिकवलं असेल. अगदी अलीकडे, २०२० साली, उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. तेव्हा तुमच्या बाबाला चांगलं मराठी बोलू द्या. परका असेल तर त्याची म्हण वेगळी असू दे, एखादा शब्द तो जुन्या वळणाचा वापरू दे, त्याला कुठल्या फळाचं नाव येत नसू दे. जीभ बोबडी नको.

गटातल्या 'कपटी दाखव' या सल्ल्याबद्दल थोडक्यात. धर्मसत्तेने गोव्यात लोकांवर काय केलं हा खरा इतिहास आहे. १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं आणि ते थेट १८१२पर्यंत, मधली काही वर्षं सोडता, चाललं. त्यावर कुणाला कादंबरी लिहायची असेल तर जरूर लिहावी. पण मग न्यायासन, कागदपत्रं, पहारे, घाबरलेली गावं, सगळं आलं पाहिजे. तीन प्रसंगांच्या एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर अडीच शतकांचा हिशेब ठेवून वाचकाकडून टाळ्या घेणं मला पटत नाही. तुम्हालाही पटलेलं नाही, म्हणून तर पत्र लिहिलंत.

उलट टोकही टाळा. मैत्रिणीला बरं वाटावं म्हणून त्याला संत केलात तर तो पुन्हा अदृश्य होईल. त्याचे प्रसंगही वाढवू नका. तीन आहेत, तीनच ठेवा. (गटातल्या 'काढून टाक' म्हणणाऱ्यांचंही एवढं ऋण आहेच : त्यांनी बरोबर ओळखलं की तो काढला तर भोक पडत नाही. तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या इतर लिहिणाऱ्यांनी हे करून बघावं. पात्राचं प्रत्येक वाक्य पेन्सिलीने खोडा आणि सलग वाचा. जिथे अडखळायला होईल तिथे ते पात्र जिवंत आहे. कुठेच अडखळलं नाही तर त्याला अजून काम मिळालेलं नाही.)

पहिला प्रसंग कसा होऊ शकतो, हे नुसतं सांगण्यापेक्षा लिहूनच बघितलं. उद्या सकाळी हल्ला आहे. एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा बाबाजवळ येऊन बसलाय.

"लिही," पोरगा म्हणाला. "माझी सुरी पंड्याला. कानातली बाळी आईला."

बाबाने कमरेची बाटली सोडली, बूच दातांनी काढलं आणि बोरू आत बुडवला. "आईचं नाव?"

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "आईच म्हणतो आम्ही."

बाबाने लिहिलं, आई. "घर?"

"विहिरीजवळचं. दाराशी शेवगा आहे."

बाबाने शेवगाही लिहिला.

बाटलीत शाई होती, एवढंच मी बदललं. नाव तेच राहतं, खलाशांची थट्टाही राहते. वाचक दोन पानं त्यांच्यासारखाच गैरसमज करून घेतो आणि मग शाई दिसते. तो रात्री इतरांबरोबर घोटभर पीतही असेल, सगळेच पितात. ही माझी कल्पना आहे, तुम्हाला रुचली नाही तर टाकून द्या आणि दुसरं काही शोधा. पण त्याच्याकडे एक वस्तू असू द्या जी हाताळताना तो दिसेल.

दुसरा प्रसंग वादळाचा. त्यात सगळ्यांच्या नजरा, योनाची गोष्ट तुमच्या जगातल्या रूपात, आणि देवीचा आवाज. देवी एक माणूस मागतेय. सगळ्यांना वाटतं ती बाबाला मागतेय. बाबा काय करतो? पुढे होतो का? की घाबरून डोलकाठीला मिठी मारतो? मला तो घाबरलेला जास्त आवडेल, पण तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता.

तिसरा, चौदाव्या प्रकरणातला मृत्यू. गोळी झेलणं काढा, अशी माझी विनंती आहे. आत्ता तो फक्त नायिकेने रडावं म्हणून मरतो. त्याला साध्या तापाने मरू द्या, किंवा जखमींमध्ये बसलेला असताना. आणि मग तुमच्या गुराबेवर एक अशी अडचण उभी राहील जी आजवर कधी आली नव्हती. झोळी शिवून झालीय, पायाशी गोळे ठेवलेत, सगळे टोप्या काढून उभे आहेत, आणि निरोपाचे शब्द कुणालाच येत नाहीत. ते शब्द म्हणणारा झोळीत आहे. आजपर्यंत सगळ्यांनी ते वीसदा ऐकलेत आणि कुणीही नीट ऐकलेले नाहीत. नायिका कप्तान आहे, म्हणून सगळे तिच्याकडे बघतात. तिला सुरुवातीची ओळ आठवते, मधली आठवत नाही. ती काय करते ते मी सांगणार नाही. तो भाग तुमचा.

आणि मैत्रीण. तुम्ही विचारलंय की माफी मागू का आणि सुधारलेलं प्रकरण 'तपासायला' तिच्याकडे पाठवू का. माफी जरूर मागा, दोन वाक्यांत, कारणं न देता. तपासायला मात्र पाठवू नका. 'तुमच्या धर्मात हे चालतं का' असं विचारलंत की तुम्ही तिला एकदम अख्ख्या समाजाची वकील करून ठेवता, आणि ती बिचारी तुमची जुनी वर्गमैत्रीण आहे. शिवाय तिचा प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हताच. 'आमचा माणूस' म्हणाली ती. तिच्या डोळ्यांसमोर एखादा खरा माणूस असणार. वसई-उत्तनकडे मासेमारीचा हंगाम सुरू होताना पाद्री बंदरावर येऊन होड्यांना आशीर्वाद देतात. मी एकदा तो सोहळा बघितलाय, पाऊस भुरभुरत होता आणि एक म्हातारे फादर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलातून एकेका होडीकडे चालत होते, मागे एक पोरगा छत्री धरून, छत्री सारखी वाऱ्याने उलटत होती. तुमच्या मैत्रिणीने असं किती बघितलं असेल! तिला फोन करा आणि विचारा, लहानपणी तुमच्या गावी कोण फादर होते गं? कसे होते? ओरडायचे का? मग पुस्तकाचं काही बोलू नका, फक्त ऐका. तिने सांगितलेलं जसंच्या तसं कादंबरीत उचलू नका. तेवढा आदर तिच्या आठवणींना द्या. पण ऐकल्यावर तुमचा बाबा वेगळा चालायला लागेल, याची मला खात्री आहे.

कदाचित ती अजून दुखावलेली असेल आणि नीट बोलणार नाही. तर थांबा. या फोनची घाई कादंबरीसाठी करू नका.

चौदावं प्रकरण पुन्हा लिहून झालं, नायिकेला मधली ओळ सापडली किंवा तिने स्वतःची घातली, की मग तेवढं एक पान घेऊन वसईला जा. पाठवू नका, समोर बसून वाचून दाखवा. आणि वाचताना तुमचाच आवाज अडला, तर तिथे थोडं थांबून पुढे वाचा.